राजापूर लोकसभा मतदारसंघ कुठे गेला?

करूळ_घाट

२००९ नंतर मतदार झालेल्यांना राजापूर म्हटलं की विधानसभेची जागा आठवते, नाहीतर गंगा, नाहीतर नाणार. राजापूर नावाचा लोकसभेचा मतदारसंघ होता, हे आमच्या तळकोकणातल्याच कित्येक पोरांना ठाऊक नाही. २००४ पर्यंत निवडणूक आयोगाच्या यादीत महाराष्ट्र सुरूच तिथून व्हायचा: १ राजापूर, २ रत्नागिरी, ३ कुलाबा (आजचा रायगड) आणि मग मुंबई. विधानसभेच्या यादीतही पहिली सावंतवाडी. आता यादी नंदुरबारकडून सुरू होते आणि आपण लोकसभेत ४६ वे.

हा मतदारसंघ गेला कसा, याच्या ऐकीव कथा पुष्कळ फिरतात. कुणी म्हणतं अमक्याला पाडायला मोडला, कुणी म्हणतं तमक्याच्या सोयीसाठी तोडला. माझं म्हणणं वेगळं आहे. तो कुणी कट करून मोडला नाही. आपणच तो पिढ्यान्‌पिढ्या थोडा थोडा करून मुंबईला नेला. हे मांडण्यासाठीच हा धागा काढतोय. ज्यांना जास्त माहिती आहे त्यांनी भर घालावी.

आधी थोडा इतिहास. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत राजापूर नव्हता. तेव्हा रत्नागिरी जिल्ह्याचे दोन मतदारसंघ होते, रत्नागिरी उत्तर आणि रत्नागिरी दक्षिण. उत्तरेतून आझाद हिंद सेनेचे जगन्नाथराव भोसले निवडून आले, दक्षिणेतून मोरेश्वर दिनकर जोशी. दोघेही काँग्रेसचे. पुढे फेररचना झाली आणि १९५७ ला दक्षिणेकडच्या जागेला राजापूर हे नाव मिळालं. गंमत अशी की राजापूर शहर या मतदारसंघाच्या वरच्या बाजूला. बहुतेक मतदार खारेपाटणच्या खाली: देवगड, कणकवली, मालवण, कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी, थेट बांद्यापर्यंत. सावंतवाडी संस्थान रत्नागिरी जिल्ह्यात येऊन तेव्हा जेमतेम दहा वर्षं होत होती आणि सिंधुदुर्ग जिल्हा व्हायला १९८१ उजाडायचं होतं.

१९५७ ते २००४ या काळात इथे १३ निवडणुका झाल्या आणि खासदार झाले फक्त चार. बॅ. नाथ पै तीनदा (१९५७, ६२, ६७). प्रा. मधु दंडवते पाचदा (१९७१, ७७, ८०, ८४, ८९). सुधीर सावंत एकदा (१९९१). सुरेश प्रभू चारदा (१९९६, ९८, ९९, २००४). काँग्रेस इथे एकदाच जिंकली, १९९१ ला. १९७१ ला इंदिराबाईंच्या लाटेत महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसच्या, राजापूर मात्र प्रजासमाजवादी. १९८४ ला राजीव गांधींच्या लाटेत ४८ पैकी ४३ काँग्रेसच्या, राजापूर जनता पक्षाकडे. देश एकीकडे वाहत असताना आपला मतदार स्वतःच्या बुद्धीने मत देत होता, आणि तेही असा मतदार ज्याच्या दारात ना रेल्वे होती, ना कारखाना, ना साखरसम्राट.

नाथ पैंबद्दल एक गोष्ट मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण त्यांचं नाव काढलं की सगळे वक्तृत्वावर थांबतात. २७ फेब्रुवारी १९६७ ला सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात ६ विरुद्ध ५ असा निकाल दिला, की मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत राजापूरच्या या विरोधी बाकावरच्या खासदाराने खाजगी विधेयक आणलं: कलम ३६८ मध्ये दुरुस्ती करून घटनेचा कोणताही भाग बदलण्याचा संसदेचा अधिकार स्पष्ट लिहून टाकावा. सत्तेवर काँग्रेस, विधेयक समाजवाद्याचं, आणि सरकारची त्याला सहानुभूती. संयुक्त समितीकडे गेलं, सभागृहात चर्चा झाली, पण मंजूर होण्याआधीच १९७० च्या डिसेंबरात लोकसभा विसर्जित झाली. पुढच्याच वर्षी २४ वी घटनादुरुस्ती आली, ती बरीचशी त्याच वाटेने. १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने त्या अधिकाराला घटनेच्या मूलभूत चौकटीला धक्का न लावण्याची मर्यादा घातली. नाथ पैंची भूमिका बरोबर होती की नाही यावर वाद घालता येईल. मला स्वतःला केशवानंदचा निकाल जास्त पटतो. पण देशाच्या घटनेवरच्या एवढ्या मोठ्या वादाला तोंड फोडणारं विधेयक वेंगुर्ल्यात जन्मलेल्या, एसटीही धड न पोचणाऱ्या मुलखाने निवडून दिलेल्या माणसाचं होतं, हे आपल्या शाळांमध्ये शिकवलं पाहिजे.

दंडवते तर कोकणातलेही नव्हते. अहमदनगरचा जन्म, मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. त्यांना आपण पाच वेळा निवडून दिलं. आणीबाणीत ते बंगळूरच्या तुरुंगात होते, १९७७ ला तिथून सुटून आले ते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी आली ती त्यांच्या काळात. १९८९ ला ते अर्थमंत्री झाले.

मग २००८. १९ फेब्रुवारीला फेररचनेतल्या नव्या हद्दी लागू झाल्या आणि २००९ ला आपण रत्नागिरी-सिंधुदुर्ग या नावाने मतदान केलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

जुना_पेपरवाला

धागा वाचनखूण म्हणून साठवला. एक भर घालतो.

नाथ पैंचं निधन १८ जानेवारी १९७१ ला बेळगावात झालं. वय ४८. आदल्या दिवशी १७ जानेवारी, म्हणजे सीमाभागाचा हुतात्मा दिन. तेव्हा लोकसभा आधीच विसर्जित झालेली होती, त्यामुळे राजापूरला पोटनिवडणूक झाली नाही. सार्वत्रिक निवडणूक दीड-दोन महिन्यांवर येऊन ठेपलेली आणि उमेदवारच गेला. दंडवते तेव्हा विधान परिषदेत होते. अशा वेळी बाहेरून आलेल्या माणसाला लोक स्वीकारतील का, ही शंका रास्त होती, कारण मार्चमधली ती निवडणूक इंदिरा लाटेची होती.

स्वीकारलं त्यामागे भावना होती हे खरं, पण भावनेवर पाच निवडणुका निघत नाहीत. त्यामागे जाळं होतं. राष्ट्र सेवा दलाच्या शाखा, हायस्कुलांतले मास्तर, वाचनालयं. ज्या गावात डांबरी रस्ता नव्हता त्या गावात वाचनालय होतं. समाजवाद्यांची कोकणातली ताकद ती होती.

तळाशील

माका नाथ पैंची सभा याद नाय, मी तेव्हा ल्हान होतंय. पण आमच्या घरात बोलणा कायम तेंच्यावरच. गावात पेपर दुसऱ्या दिवशी येयचो. शाळेचे मास्तर सांजचे पारार बसान वाचून दाखवत. दिल्लीत काय झाला ता आमच्या म्हाताऱ्यांका म्हायती असायचा, अंगठो मारणाऱ्यांका सुद्धा. आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आसा, पण आपलो खासदार लोकसभेत काय बोललो ता इचारलास तर कोण सांगूक शकणा नाय. माका ह्या वायट वाटता.

मालवणात सेवांगण आसा नाथ पैंच्या नावाचा. येवा कधीतरी.

आंबोली_धुके

लेख चांगला आहे, मेहनत दिसते. पण मी थोडं वेगळं बोलणार.

आपण नाथ पै आणि दंडवते यांची नावं अभिमानाने घेतो, घ्यायलाच हवीत. पण १९५७ ते १९९१ ही ३४ वर्षं आपल्याला देशातले उत्तम संसदपटू मिळाले आणि त्याच ३४ वर्षांत आपला तरुण मुंबईला गिरणीत, गोदीत आणि हॉटेलात कामाला गेला. घाटावर त्याच काळात धरणं, कालवे, साखर कारखाने, सहकारी बँका उभ्या राहिल्या. विरोधी बाकावरचा खासदार सतत निवडून देण्याची किंमत आपण मोजली की नाही? मतदारसंघ मुंबईला गेला म्हणता, तर तो जाऊ नये म्हणून इथे काय उभं राहिलं, हाही हिशेब मांडा.

करूळ_घाट

धुकेजी, प्रश्न योग्य आहे, म्हणून टाळत नाही.

घाटावरचा सहकार हा खासदाराने आणलेला नव्हता. त्यामागे बारमाही पाणी, ऊस आणि राज्य सरकारातली सत्ता होती. आपल्याकडे डोंगरउतार, तुकड्यातुकड्यांची जमीन आणि चार महिन्यांत धो धो पडून खाडीला जाणारा पाऊस. काँग्रेसचा खासदार असता तर देवगडात साखर कारखाना निघाला असता असं मला वाटत नाही. शिवाय राज्यात काँग्रेसचे आमदार आणि मंत्री कोकणातून होतेच. बॅ. अंतुले तर मुख्यमंत्री झाले आणि सिंधुदुर्ग जिल्हा त्यांच्याच काळात झाला.

पण एक गोष्ट खासदारांच्या हातची होती, ती रेल्वे. तिचा हिशेब असा. रेल्वे कितीतरी वर्षं पनवेलजवळच्या आपटा स्टेशनापाशी थांबलेली. रोह्यापर्यंत यायला १९८६ उजाडलं. पुढचं सगळं कोकण कागदावर. १९८९ ला विश्वनाथ प्रताप सिंगांचं सरकार आलं तेव्हा तीन माणसं नेमकी तीन जागी बसली: रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, जन्म मंगळूरचा. अर्थमंत्री दंडवते, खासदार राजापूरचे. नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष रामकृष्ण हेगडे, उत्तर कन्नडचे. रेल्वेच्या नेहमीच्या अर्थसंकल्पातून एवढा पैसा निघणं शक्य नव्हतं. म्हणून वेगळं महामंडळ काढलं, भांडवलात रेल्वेचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकचे १५, गोवा आणि केरळचे ६-६, आणि बाकीचा पैसा रोख्यांतून उभा करायचा. १९ जुलै १९९० ला महामंडळाची स्थापना, १५ सप्टेंबरला रोह्याला पायाभरणी, आणि नोव्हेंबरात ते सरकार पडलं. चार महिने उशीर झाला असता तर काय झालं असतं याचा विचार करून बघा. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला.

आणि ज्या माणसाने अर्थमंत्री म्हणून हे काम मार्गी लावलं त्याला आपण १९९१ ला पाडलं. तो मतदारांचा हक्क होता. पण मला ते आजही लागतं.

जुना_पेपरवाला

१९९१ बद्दल: ती लढत सरळ नव्हती. १९९० च्या विधानसभेत शिवसेना कोकणात घुसली होती, मालवणातून नारायण राणे त्याच वर्षी पहिल्यांदा आमदार झाले. काँग्रेसविरोधी मत जे तीस-पस्तीस वर्षं एकगठ्ठा समाजवाद्यांकडे जायचं, ते फुटलं. त्यात सुधीर सावंतांसारखा सैन्यातून आलेला तरुण उमेदवार. पुढच्याच निवडणुकीत ते फुटलेलं मत बहुतेक सगळं शिवसेनेकडे गेलं आणि सुरेश प्रभू आले. म्हणजे १९९१ हे दंडवत्यांच्या पराभवापेक्षा विरोधकांची जागा बदलल्याचं वर्ष होतं.

शिवसेना इथे आली तीही मुंबईमार्गेच. लालबाग-परळच्या शाखेत जाणारा माणूस गणपतीला गावी आला की वाडीत पाटी लावून जायचा.

प्रभूंच्या काळाला मूळ लेखात एकही वाक्य नाही, ते बरोबर नाही. त्यांच्या ऊर्जामंत्रिपदाच्या काळात, २००१ ला, वीज विधेयक संसदेत आलं आणि त्याचाच २००३ चा कायदा झाला. देशातली अनेक वीज मंडळं त्या कायद्याने वेगवेगळ्या कंपन्यांत विभागली गेली, आपलं महावितरण त्यातलंच. आणि २०१४ ला ते रेल्वेमंत्री झाले, त्याच महिन्यात राज्यसभेवर गेले. एका मतदारसंघातून निवडून गेलेले दोन जण रेल्वेमंत्री झाले, हेही राजापूरच्या खात्यावर मांडा.

गणिती

मतदारसंघ का गेला याचं उत्तर कटकारस्थानात नाही, या मताशी पूर्ण सहमत. आकडे देतो, कुणीही पडताळून पाहावेत.

मतदारसंघ फेररचनेच्या २००२ च्या कायद्याने न्या. कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. राज्याच्या एकूण जागा (लोकसभा ४८, विधानसभा २८८) बदलायच्या नव्हत्या. त्या १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेल्या आहेत. बदलायच्या होत्या त्या राज्याच्या आतल्या हद्दी, २००१ च्या लोकसंख्येवर.

२००१ ला महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाख ७९ हजार. २८८ ने भागा: एका आमदारामागे सुमारे ३ लाख ३६ हजार. आता जिल्हे घ्या.

सिंधुदुर्ग ८ लाख ६९ हजार. भागाकार २.५८, म्हणजे ३ जागा. आधी होत्या ४.
रत्नागिरी १६ लाख ९७ हजार. भागाकार ५.०४, म्हणजे ५. आधी होत्या ७.
ठाणे ८१ लाख ३२ हजार. भागाकार २४.१७, म्हणजे २४. आधी होत्या १३.

मालवण, वेंगुर्ले, देवगड ही नावं गेली आणि कणकवली, कुडाळ आली. संगमेश्वर आणि खेड गेले. दोन्ही जिल्हे मिळून ११ च्या ८ जागा राहिल्या. लोकसभेच्या एका मतदारसंघाला विधानसभेच्या ६ लागतात. ८ मधून ६ काढले की एक पूर्ण खासदार, आणि उरलेले २, म्हणजे दापोली आणि गुहागर, रायगडला जोडावे लागले. दोन खासदार राहण्याइतकी माणसंच उरली नव्हती. यात कुणाला पाडायची गरज नव्हती, भागाकार पुरेसा होता.

आयोगाबरोबर प्रत्येक राज्याचे पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसत, पण त्यांना मत नव्हतं. आयोगाचा आदेश निघाला की कायद्याप्रमाणे न्यायालयातही आव्हान नाही. हद्दीच्या दोन-चार गावांबाबत ओढाताण होऊ शकते, जिल्ह्याच्या एकूण संख्येबाबत नाही.

तत्त्व म्हणूनही मला यात अन्याय दिसत नाही. डोंबिवलीतल्या माणसाच्या मताची किंमत देवगडातल्या माणसाच्या मताच्या निम्म्याहूनही कमी का असावी?

करूळ_घाट

गणितीजी, हे आकडे मूळ लेखात हवे होते, तुम्ही दिलेत म्हणून आभार. ठाण्याच्या ११ वाढलेल्या जागा आणि आपल्या ३ कमी झालेल्या जागा शेजारी ठेवल्या की मला जे म्हणायचं होतं ते दिसतं. त्या ११ मध्ये राहणारी माणसं कोण आहेत? डोंबिवली, कल्याण, बदलापूर, नालासोपारा. निम्मं तळकोकण तिथे आहे.

पण तुमच्या शेवटच्या प्रश्नावर माझं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आहे. डोंबिवलीतला देवगडकर मत देतो ते लोकलच्या गर्दीवर, पाण्यावर आणि मेट्रोवर. त्याने तेच करावं, तो तिथे राहतो. मात्र त्याच्या गावच्या घरात मागे राहिलेल्या माणसांचे प्रश्न, म्हणजे वानर आणि डुकरांनी खाल्लेली शेती, बंद पडत चाललेल्या शाळा, डॉक्टर नसलेलं प्राथमिक आरोग्य केंद्र, एलईडी दिव्यांनी होणारी मासेमारी, हे मांडायला आता एकच खासदार आहे आणि त्याचा मतदारसंघ चिपळूणपासून बांद्यापर्यंत. मत समान झालं, हे मान्य. माणसापर्यंत पोचणं समान झालं नाही.

सुरंगी_वळेसार

मी डोंबिवलीची. करूळ_घाट म्हणतात त्या "निम्म्या तळकोकणा"तली एक. माहेर कुडाळ तालुका.

या चर्चेत बायका कुठेच आल्या नाहीत, म्हणून लिहिते. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११३६ बायका होत्या, सिंधुदुर्गात १०७९. महाराष्ट्रात तेव्हा सरासरी ९२२ होती. आपल्याकडे हा आकडा वरचा आहे तो पुरुष मुंबईला गेले म्हणून. म्हणजे नाथ पैंना काय किंवा दंडवत्यांना काय, मत देणाऱ्यांत बायकांचा वाटा मोठा होता. शेत लावणारी, सासू-सासऱ्यांना बघणारी, मुलांना शाळेत घालणारी, कोर्टकचेरीची तारीख सांभाळणारी बाईच मतदार होती.

माझ्या आत्येचे यजमान परळला गिरणीत होते. दर महिन्याला मनीऑर्डर यायची. तिच्या फॉर्मला खाली एक कुपन असायचं, त्यावर निरोप लिहायला जेमतेम दोन-तीन ओळींची जागा. त्यात घरची चौकशी, लावणी झाली का, गाय व्याली का, आणि निवडणूक आली की शेवटी कुणाला मत घालायचं ते. पोस्टमन ते वाचून दाखवायचा. आत्ये ते कुपन देवाच्या फळीवर ठेवायची आणि मत स्वतःच्या मनाने घालायची. हे तिने मला उघड सांगितलंय. चाकरमान्यांनी गावचं मत ठरवलं असं सगळे म्हणतात, मला ते अर्धंच खरं वाटतं.

आणि गणिती, तुमचा भागाकार बरोबर आहे, पण त्यात मागे राहिलेली ही बाई दिसत नाही. तिने गाव सोडलं नाही. तिच्या वाट्याचा आमदार मात्र गेला.

तळाशील

सुरंगीताई, शंभर टक्के बरोबर. माज्या आवशीन पण ह्याच केल्यान.

हर्णै_बंदर

राजापूरवाल्यांचं नाव तरी गेलं, आमचं तर घरच बदललं. दापोली, मंडणगड, खेड, गुहागर हा भाग कायम रत्नागिरी मतदारसंघात. १९७७ आणि ८० ला बापूसाहेब परुळेकर, ९६ पासून सलग अनंत गीते. आता आम्ही पेण, अलिबाग, श्रीवर्धन, महाड यांच्याबरोबर. जिल्हा परिषद रत्नागिरीला, कलेक्टर रत्नागिरीला, खासदार रायगडचा. मधे बाणकोटची खाडी. प्रचारात पेण-अलिबागचे प्रश्न म्हणजे मुंबईची जवळीक, कंपन्या, जमिनींचे भाव. आमचे प्रश्न आंबा, काजू, मासे आणि रस्ते. एका भाषणात दोन्ही बसत नाहीत.

अवांतर: कुलाब्याचंही तसंच झालं. पनवेल, उरण, कर्जत हे घाटावरच्या मावळ, पिंपरी, चिंचवडला जोडले गेले. किनाऱ्याच्या तीन मतदारसंघांत पूर्वी कोकणच होतं, आता दोन राहिले आणि तिसरा अर्धा घाटावर.

आंबोली_धुके

गणितीजी, एक थेट प्रश्न. २०११ च्या जनगणनेत दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या आणखी कमी झाली ना? पुढच्या फेररचनेत काय होणार?

गणिती

झाली. सिंधुदुर्ग ८ लाख ५० हजारांवर आला, रत्नागिरी १६ लाख १५ हजारांवर. सगळं राज्य वाढत असताना हे दोन्ही जिल्हे घटले. जागांची गोठवणूक २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत आहे. त्यानंतर राज्याच्या एकूण जागा किती ठरतात यावर सगळं अवलंबून. एकूण जागा वाढल्या तर कदाचित आहेत तेवढ्या टिकतील. आहेत तेवढ्याच राहिल्या तर २०११ च्या आकड्यांवरही रत्नागिरीचा भागाकार ४.१४ येतो, म्हणजे पाचाचे चार. दक्षिणेतली राज्यं आज जी तक्रार दिल्लीकडे करतायत तीच तक्रार राज्याच्या आत कोकण करू शकतं. कायद्यात मात्र भूगोल, दळणवळण आणि प्रशासकीय हद्दी विचारात घ्याव्यात असंही म्हटलेलं आहे. फक्त लोकसंख्याच बघा असं नाही. जो काही युक्तिवाद करायचा तो तिथे करावा लागेल, आणि मसुदा हरकतींसाठी खुला होतो त्या मुदतीत.

डोंबिवलीकर_चाकरमानी

मग आम्ही नावं गावच्या यादीत ठेवली तर? आमच्या वाडीतल्या कित्येकांची अजून गावालाच आहेत, मतदानाला गाड्या करून जातात.

जुना_पेपरवाला

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागा ठरतात जनगणनेवर, मतदारयादीवर नाही. जनगणना माणूस जिथे राहतो तिथे मोजते. त्यामुळे नाव गावाला ठेवून जागा वाचणार नाही.

मतदारयादीचा नियम १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे. नोंदणी जिथे तुम्ही सर्वसाधारणपणे राहता तिथे. गावात घर मालकीचं आहे एवढ्यावर तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही, हे कलम २० मध्ये स्पष्ट आहे. आणि दोन्हीकडे नाव ठेवणं तर कलम १७ आणि १८ नुसार चालतच नाही. गाड्या करून जाणाऱ्यांची ओढ मी समजू शकतो, पण सल्ला विचाराल तर एकच नाव ठेवा, आणि जिथे राहता तिथे ठेवा.

डोंबिवलीकर_चाकरमानी

समजलं. मग आम्ही इथूनच काय करू शकतो ते सांगा. आमच्या गावमंडळात दीडशे घरं आहेत, दर महिन्याला सभा होते.

सुरंगी_वळेसार

मंडळाच्या सभेत नमन आणि स्नेहसंमेलनाच्या खर्चाबरोबर हा विषयही घ्या. फेररचनेचा मसुदा येईल तेव्हा हरकत लिहायला लागेल ती गावातल्या माणसाच्या सहीने. लिहून द्यायला, टाईप करायला, सुनावणीला गाडी करून द्यायला आपण आहोत. आमच्या मंडळात मी हा विषय मांडणार आहे. गणिती, हरकतीत तालुक्याचं क्षेत्रफळ, वाड्यांची संख्या, खाड्या आणि मुख्यालयापासूनचं अंतर असं काय काय द्यायचं याचा एक साधा नमुना कराल का?

गणिती

करतो. २०११ च्या गावनिहाय याद्या उपलब्ध आहेत, तालुक्याप्रमाणे लावून वेगळ्या धाग्यात टाकतो. अंतरं मात्र स्थानिकांनी भरा. नकाशावर सरळ रेषेत चार किलोमीटर दिसणारं गाव खाडीमुळे प्रत्यक्षात किती लांब पडतं ते तुम्हालाच माहीत.

करूळ_घाट

वैभववाडी आणि कणकवलीची अंतरं मी भरतो. तळाशील, मालवण किनाऱ्याची तुमच्याकडे. हर्णै_बंदर, तुम्ही जुन्या रत्नागिरी मतदारसंघावर स्वतंत्र धागा काढा अशी विनंती. १९५७ ला तिथून जनसंघाचे प्रेमजीभाई आसर निवडून आले होते आणि १९६२ ला शारदा मुखर्जी, ज्या पुढे राज्यपाल झाल्या. राजापुराइतकाच तोही इतिहास लिहून ठेवायला हवा, आणि दापोली-खेडकडच्या माणसाने लिहिला तर जास्त बरं.

हर्णै_बंदर

काढतो. शिमगा आटोपला की बसतो लिहायला. परुळेकरांच्या निवडणुकांत काम केलेले एक गुरुजी आमच्या शेजारच्या वाडीत आहेत, त्यांच्याशी आधी बोलून घेतो.